पाठ चोळणारा हात

रविवारच्या वंदनेनंतर विहारात चहा होतो. तेव्हा कोणी ना कोणी आम्हाला अजूनही विचारतो, "काय हो, तुम्ही तुर्कस्तानला जाऊन आलात म्हणे. काय काय पाहिलेत?" आम्ही सांगतो, "आंघोळ करून आलो." मंडळी हसतात. आंघोळीसाठी इतक्या दूर कशाला जायचे, घरी नळ नाही का, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. पण आम्ही विनोद करीत नाही. त्या शहरात आम्ही मशिदी पाहिल्या, समुद्र पाहिला, बाजार पाहिला. त्यातले बरेचसे आज विसरलो. आंघोळ मात्र विसरलो नाही. त्या आंघोळीने आम्हाला आमच्या घरातली एक चूक दाखविली, म्हणून ती हकिगत वाचक बंधू-भगिनींना सांगावीशी वाटते.

आमच्यासारखा कारकून माणूस इस्तंबूलला कसा पोहोचला, हे आधी सांगितले पाहिजे. आमच्या थोरल्या ताईचा मुलगा अभियंता झाला आणि नोकरीनिमित्त तिकडे गेला. २०१९ सालच्या नोव्हेंबरात त्याने मामा-मामींची तिकिटे काढून पाठविली. आम्ही नको म्हटले. त्यावर तो फोनवर म्हणाला, "मामा, माझ्या बारावीच्या क्लासची फी तुम्ही भरली होती. तेव्हा मी नको म्हणालो होतो का?" यावर बोलण्यासारखे काही उरले नाही.

अडचण होती ती अण्णांची. अण्णा म्हणजे आमचे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. आदल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका येऊन उजवी बाजू लुळी पडली होती. त्यांना आंघोळ घालायला सकाळी एक मुलगा यायचा, महिन्याच्या पगारावर. रविवारी त्याची सुट्टी. त्या दिवशी अण्णांची आंघोळ राहायची, ओल्या फडक्याने अंग पुसले की झाले. हे असेच चालले होते आणि यात काही वावगे आहे असे आम्हाला वाटत नव्हते. दहा दिवस अण्णांना ताईने आपल्याकडे नेले आणि आम्ही उभयता निघालो.

कड्यांच्या खांबाजवळचा हमाम

तिसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, "मामा, आज हमाम." हमाम म्हटले की आपल्या लोकांना साबणाची वडी आठवते. पण हा शब्द मूळचा अरबी आणि त्याचा अर्थ गरम पाण्याचे स्नानगृह. रोमन लोकांची सार्वजनिक स्नानगृहे फार जुन्या काळापासून त्या प्रदेशात होती. पुढे तुर्कांनी ती पद्धत आपल्या धर्माच्या स्वच्छतेच्या नियमांशी जुळवून घेतली. घरोघरी न्हाणीघर नव्हते, तेव्हा सारा मोहल्ला हमामात जाई. बायकांसाठी वेगळा भाग किंवा वेगळे दिवस असत. बायकांना घराबाहेर चार घटका मोकळेपणाने बसण्याची ती मोठीच जागा होती. लग्नाआधी नवरीला तिथे नेऊन न्हाऊ घालण्याचा सोहळा होई, आणि मुलांच्या आया सून शोधायच्या त्याही तिथेच.

आम्ही गेलो तो चेंबरलिताश हमाम. तुर्की भाषेत चेंबर म्हणजे कडे आणि ताश म्हणजे दगड. शेजारीच रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनचा इसवी सन ३३० मधला दगडी खांब उभा आहे. तो पडू नये म्हणून त्याला लोखंडी कडी ठोकलेली आहेत. त्यावरून त्या भागाचे नाव पडले. समोरून ट्राम जाते, आणि चार पायऱ्या उतरलो की माणूस चारशे वर्षे मागे जातो.

हा हमाम १५८४ सालचा. तो नूरबानू नावाच्या राणीच्या नावाने बांधला गेला. ही बाई राजवाड्यात गुलाम म्हणून आणलेली. पुढे ती सुलतान दुसऱ्या सलीमची बेगम झाली आणि तिसऱ्या मुरादची आई म्हणून तिच्या हाती मोठी सत्ता आली. तिने शहराच्या पलीकडच्या काठाला, उस्कुदारला, मशीद, शाळा, दवाखाना आणि गरिबांसाठी अन्नछत्र उभारले. या हमामाचे उत्पन्न त्या धर्मादाय कामाकडे जात असे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, म्हणून हा हिशेब आम्हाला विशेष आवडला. लोकांच्या आंघोळीच्या पैशावर भुकेल्याला अन्न आणि आजाऱ्याला औषध! बांधकामाचा आराखडा सिनान या प्रसिद्ध वास्तुकाराचा मानतात. इमारत दुहेरी आहे, पुरुषांची बाजू वेगळी आणि बायकांची वेगळी. एकोणिसाव्या शतकात रस्ता रुंद करताना तोडमोड झाली ती बायकांच्या बाजूची. हे ऐकून आमच्या सहचारिणी म्हणाल्या, "तिकडेही तसेच का?" आणि नातिर बाईबरोबर आत गेल्या. बायकांना आंघोळ घालणाऱ्या बाईला तिकडे नातिर म्हणतात आणि पुरुषांना घालणाऱ्याला तेल्लाक.

आम्हाला मनातून संकोच होता. चाळीत वाढलेला माणूस सार्वजनिक नळावर चड्डीवर आंघोळ करीत मोठा होतो. पण ती लहानपणाची गोष्ट. आता पोट सुटलेले, केस पिकलेले, आणि परक्या मुलखात परक्या माणसासमोर उघडे व्हायचे! कपडे बदलायच्या मोठ्या दालनात आम्हाला चौकड्यांचे एक पातळ कापड दिले. त्याला पेष्टमाल म्हणतात. ते कमरेला गुंडाळायचे आणि शेवटपर्यंत सोडायचे नाही. म्हणजे लाज राखण्याची व्यवस्था होती. तिथून मधल्या कोमट खोलीत आणि तिथून आतल्या गरम दालनात गेलो.

आत शिरल्यावर आम्ही बोलायचे थांबलो. वर मोठा घुमट आणि त्या घुमटाला गोल गोल भोके पाडून काचा बसविलेल्या. तुर्की लोक त्यांना हत्तीचे डोळे म्हणतात. त्यांतून उन्हाचे कवडसे वाफेत उतरत होते. भोवती बारा खांब. मध्यभागी संगमरवराचा प्रचंड चौथरा होता. त्याचे नाव गोबेकताशी, म्हणजे बेंबीचा दगड. तो खालून तापलेला असतो. त्याच्यावर दहाबारा माणसे पालथी, उताणी पडलेली. कोणी गोरा, कोणी काळा, कोणी म्हातारा, कोणी पोरगेला. साऱ्यांच्या कमरेला तेच चौकड्यांचे कापड. त्यांत साहेब कोण आणि शिपाई कोण, हे सांगता आले नसते.

तापल्या दगडावर

पंधरा-वीस मिनिटे नुसते पडून राहायचे. घाम सुटतो, अंग सैल पडते, हाडांत मुरलेला थकवा बाहेर येतो. भिंतीलगत संगमरवरी कुंड्या असतात, त्यांना कुर्ना म्हणतात. गरम आणि गार पाण्याचे नळ त्यात सुटलेले. तांब्यासारख्या वाटीने पाणी घ्यायचे आणि अंगावर ओतायचे. ज्याला लागेल त्याने घ्यायचे. आम्ही त्या कुंडीत वाटी बुडविली. आमच्यानंतर एका परक्या म्हाताऱ्याने बुडविली आणि त्याच्यानंतर पुन्हा आम्ही.

वाचकहो, एवढ्याशा गोष्टीचे काय घेऊन बसलात, असे कोणी म्हणेल. पण आमच्या समाजातला माणूस कोणत्याही पाण्यात हात घालतो तेव्हा त्याला महाड आठवतेच. १९२४ साली महाड नगरपालिकेने ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले, पण ते कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. मग गावातल्या लोकांनी शेण-गोमूत्र टाकून ते तळे 'शुद्ध' केले! न्यायालयातला वाद १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात संपला आणि निकाल आपल्या बाजूने लागला. एका तळ्याचे पाणी पिण्यासाठी दहा वर्षे. अण्णा लहान असताना गावी त्यांना पाणी वरून ओंजळीत ओतत, भांड्याला भांडे लागू देत नसत. गावचा न्हावी आमच्या वस्तीतल्या कोणाच्या डोक्याला हात लावीत नसे. वस्तीतलाच एक म्हातारा आंब्याखाली बसून पोरांचे केस कापी. हे अण्णांनी आम्हाला रागाने कधी सांगितले नाही. काल पाऊस पडला होता, असे सांगावे तसे सांगितले.

एवढ्यात आमचा तेल्लाक आला. पन्नाशीचा, जाड मिशांचा, मनगटे लोहारासारखी. भाच्याने थोडेफार दुभाष्याचे काम केले. हा माणूस तोकात नावाच्या प्रांतातला. त्या भागातली आणि सिवासची पुष्कळ माणसे पिढ्यान्‌पिढ्या या कामासाठी इस्तंबूलला येत आली आहेत. आपल्याकडे कोकणातला माणूस गिरणीत यायचा तसेच. आम्ही हिंदुस्थानचे आहोत हे कळताच त्याने 'आवारा'चे नाव घेतले. राज कपूरचा १९५१ सालचा तो सिनेमा त्या देशात फार चालला होता. मग त्याने आमचे नाव विचारले. आम्ही सांगितले. त्याने ते दोनदा म्हणून पाहिले आणि कामाला लागला. आडनाव विचारले नाही. आपल्याकडे नावानंतरचा दुसरा प्रश्न कोणता असतो आणि तो कशासाठी असतो, हे वाचकांना सांगायला नको.

त्याने हातात केसे घातली. केसे म्हणजे खरखरीत कापडाची पिशवी. तिने तो मानेपासून टाचेपर्यंत आम्हाला घासू लागला. मळाच्या वळ्याच्या वळ्या निघाल्या. आम्हाला शरम वाटली. घरी रोज आंघोळ करणारा माणूस, आणि एवढा मळ! त्याने ती वळी आम्हाला दाखविली आणि हसला. मग एका कापडी पिशवीत साबणाचे पाणी घेऊन, हवा भरून, ती पिळली. ढगासारखा फेस अंगावर पसरला आणि पाठीवर, खांद्यांवर, दंडांवर त्याचे हात फिरू लागले. शेवटी त्याने आम्हाला कुंडीशी बसविले आणि डोके धुतले. वाटीने पाणी ओतताना त्याने डावा तळहात आमच्या कपाळावर आडवा धरला. साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून.

तो हात कपाळाला लागला आणि आम्हाला एकदम रडू आले. भाच्याने विचारले, "मामा, काय झाले?" आम्ही म्हटले, "साबण गेला डोळ्यात."

अगदी असाच हात अण्णांचा होता. अण्णा गिरणीत बॉयलर खात्यात होते. अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण तुटलेला धागा थुंकीने ओला करून जोडावा लागे आणि त्यांच्या थुंकीचा इतरांना विटाळ होई. हा प्रश्न बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी मांडला होता. अण्णा लागले तोवर काळ पुष्कळ बदललेला होता. तरी नव्या पोराला जिथे कोणी जायला राजी नसे, ते आगीपुढचे काम मिळाले. घरी येत ते हात काळे करून. आम्हा भावंडांना हात लावण्याआधी साबणाने तीनदा हात धुवायचे. रविवारी मात्र चाळीच्या मोरीत आम्हा तिघांना ओळीने बसवून ते स्वतः न्हाऊ घालायचे. नारळाच्या काथ्याने असे घासत की आम्ही ओरडायचो. आणि डोक्यावर पाणी ओतताना डावा तळहात कपाळावर आडवा. १९८२ च्या संपात नोकरी गेली, पुढे त्यांनी रखवालदारी केली, पण रविवारची आंघोळ चुकली नाही.

बाहेर येऊन अंग कोरडे केले, मोठाल्या पंचांत गुंडाळून घेतले, चहा घेतला. शरीर पिसासारखे हलके झाले होते. रस्त्यावर आमच्या सहचारिणी आमची वाट पाहत उभ्या होत्या. चेहरा लालबुंद आणि प्रसन्न. आम्ही विचारले, "कसे काय वाटले?"

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अहो, लग्न झाल्यापासून माझी पाठ कोणी चोळली नव्हती. ती बाई चोळत होती आणि मला अण्णा आठवले. आज रविवार. आज त्यांना ताईंनी आंघोळ घातली असेल का हो? आपल्याकडे तर रविवारी कोणीच घालत नाही."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण आम्हाला तो बाणासारखा लागला. आम्ही जयंतीला भाषणे करतो. समता, मैत्री, करुणा यांवर तासतासभर बोलतो. स्पर्शाचा हक्क मागण्यासाठी आपल्या लोकांनी किती सोसले, हे पोरांना ऐकवितो. आणि ज्याने आम्हाला रविवारी न्हाऊ घातले त्या बापाच्या लुळ्या हाताला वर्षभरात आम्ही एकदाही साबण लावला नव्हता. पगारी मुलगा ठेवला म्हणजे कर्तव्य संपले! कारण काय, तर अण्णांना उघडे पाहायची आम्हाला लाज वाटत होती. विटाळ आम्ही मानीत नव्हतो. पण हात आम्हीही लावीत नव्हतो.

अण्णांचा प्रश्न

घरी परतल्यावर पहिल्याच रविवारी आम्ही बाथरूममध्ये प्लॅस्टिकची खुर्ची मांडली, पाणी तापविले, बाजारातून काथ्या आणला. अण्णा म्हणाले, "तू कशाला? पोरगा उद्या येईल की." आम्ही म्हटले, "उद्या येऊ दे. आज मी." त्यांनी मान फिरविली. लाज त्यांनाही होती. आम्हाला हमाम आठवला. आम्ही एक पंचा त्यांच्या कमरेला गुंडाळला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही.

पाठीवरून काथ्या फिरविताना हात भीत भीत चालत होता. म्हाताऱ्याची कातडी, कागदासारखी. थोड्या वेळाने अण्णा म्हणाले, "जरा जोर लाव. गोंजारतोस काय?" आम्ही दोघेही हसलो आणि अवघडलेपण गेले. डोक्यावर पाणी घालताना आम्ही डावा तळहात त्यांच्या कपाळावर धरला. ते काही बोलले नाहीत. डोळे मिटून बसून राहिले.

मग त्यांनी विचारले, "तिकडं काय पाहिलंस, सांग." आम्ही हमामाचे सारे वर्णन केले. घुमट, कवडसे, तापलेला चौथरा. अण्णांनी नीट ऐकून घेतले आणि विचारले, "दगड तापतो कशानं? खाली आग कोण घालतो?"

आम्ही गप्प झालो. आम्ही घुमट पाहिला होता, खांब मोजले होते, राणीचे नाव पाठ केले होते. आग घालणाऱ्याला पाहिले नव्हते. विचारलेही नव्हते.

"तेच बघायला हवं होतं," अण्णा म्हणाले.

त्या संध्याकाळी आम्ही भाच्याला फोन केला. आजोबांनी विचारले आहे म्हटल्यावर तो उत्साहाने माहिती काढू लागला. पुढचे दोन महिने दर रविवारी अण्णांच्या आंघोळीला तिकडून नवी हकिगत यायची. जुन्या हमामाच्या मागच्या बाजूला भट्टीची खोली असते, तिला कुल्हान म्हणतात. पूर्वी तिथे लाकडे जाळीत. भट्टीवर पाण्याची मोठी टाकी. आगीची झळ आणि धूर फरशीखालच्या पोकळीतून फिरून भिंतींतल्या नळ्यांवाटे वर जातो, त्यामुळे दगड तापतो. फरशीखालच्या त्या पोकळीला तुर्कीत जे नाव आहे त्याचा अर्थ नरकाची जागा. अण्णा हे ऐकून म्हणाले, "बरोबर आहे. वरच्याला ऊब म्हणजे खालच्याला नरक." जुन्या काळी बेघर, अनाथ पोरे थंडीत त्या भट्टीच्या खोलीत आसरा घेत आणि तिथेच वाढत. त्यांना कुल्हानबेयी म्हणत. पुढे हा शब्द गुंडासाठी वापरला जाऊ लागला. गरिबाचे नाव शिवी व्हायला कोठेही वेळ लागत नाही.

भाच्याने आणखी एक नाव कळविले, पात्रोना हलील. त्याने जुने कपडे विकले, हमामात तेल्लाकाचे काम केले, असे सांगतात. १७३० साली इस्तंबूलमध्ये जो मोठा उठाव झाला त्याचा तो पुढारी होता. त्या उठावाने सुलतान तिसऱ्या अहमदला गादी सोडावी लागली. पुढे थोड्याच दिवसांत हलीलला मारण्यात आले. बायेझिदच्या जुन्या हमामाला लोक त्याच्या नावानेही ओळखतात. लोकांच्या पाठी चोळणाऱ्या माणसाने सुलतान खाली खेचला! ही गोष्ट अण्णांनी तीन वेळा सांगायला लावली.

पण सगळेच ऐकायला गोड नव्हते. हमामात सारे सारखे, असे आम्ही अण्णांना पहिल्या रविवारी सांगितले होते. भाच्याने वाचून कळविले की सुलतानांच्या राज्यात असेही हुकूम निघत की मुसलमान नसलेल्यांची पेष्टमाले वेगळी ठेवावीत, त्यांची कापडे मुसलमानांना देऊ नयेत. हे आम्ही सांगावे की नाही, असा प्रश्न पडला. शेवटी सांगितले. अण्णा म्हणाले, "म्हणजे तिकडंबी वेगळी कपबशी होतीच." मग थोड्या वेळाने, "पण आता नाही ना? मग झालं तर. मोडता येतं म्हणजे." परदेशातले सारे चांगले आणि आपल्याकडचे सारे वाईट, असे मानण्याचा मोह आम्हाला होतो. अण्णांना तो नव्हता.

या गोष्टींच्या बदल्यात अण्णा आपल्या गोष्टी सांगू लागले. बॉयलरपुढे पाळी कशी असे, राख कशी काढायची, कोळसा कोठे फेकायचा म्हणजे आग सारखी राहते. एका भाजण्याची खूण त्यांच्या दंडावर होती. ती आम्ही आयुष्यभर लांबून पाहिली होती. ती कशी झाली, हे साबण लावताना पहिल्यांदा विचारले. समोरासमोर खुर्च्यांवर बसून बाप-लेक असे बोलले नसते. पाठ चोळताना तोंडे एकाच दिशेला असतात, म्हणून बोलणे सोपे जाते.

जन्ताघर

विहारात भन्तेजींपाशी आम्ही ही हकिगत एकदा बोललो. ते म्हणाले, हमाम तुम्हाला नवा वाटला, पण विनयपिटकात जन्ताघर आहे. जन्ताघर म्हणजे शेक घेण्याचे गरम स्नानगृह. वैशालीत भिक्खूंना भारी जेवण मिळू लागले आणि त्यांच्या तब्येती बिघडल्या. तेव्हा वैद्य जीवकाने भगवंतांना विनंती केली की भिक्खूंना चंक्रमण आणि जन्ताघर यांची परवानगी द्यावी. भगवंतांनी ती दिली. तिथे कसे वागावे याचेही नियम आहेत. थेरांना खेटून बसू नये आणि नव्या भिक्खूंना जागेवरून उठवू नये. शिष्याने आपल्या उपाध्यायाची तिथे अंगसेवा करावी. आणि शिष्य आजारी असेल तर उपाध्यायाने त्याच्यासाठी हेच सारे करावे. ज्याचा हात आज तुमच्या पाठीवर, त्याच्या पाठीवर उद्या तुमचा हात! सेवा एकाच बाजूने वाहत राहिली तर तिची गुलामी होते. दोन्ही बाजूंनी वाहिली तर ती मैत्री.

आणि ती दुसरी गोष्ट तर सर्वांना ठाऊक आहे. अतिसाराने आजारी झालेला एक भिक्खू आपल्याच घाणीत पडला होता. कोणी जवळ जात नव्हते. भगवंतांनी आनंदाकडून पाणी मागविले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. एकाने डोक्याकडून आणि एकाने पायांकडून धरून त्याला उचलून मंचकावर ठेवले. ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची करावी, असे ते भिक्खूंना म्हणाले. ही गोष्ट आम्ही धम्मवर्गात पोरांना कितीदा तरी सांगितली होती. ती आमच्या बाथरूममधल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीविषयी आहे, हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. माणसाने माणसापासून दूर राहावे, असा तो काळ. आंघोळ घालणारा मुलगा येईनासा झाला. आम्ही त्याचा पगार चालू ठेवला आणि रोजची आंघोळ आमच्याकडे आली. ऑफिस सुरू झाल्यावरही ती आमच्याकडेच राहिली. मुलगा परत आला तो अण्णांना फिरवायला आणि व्यायाम द्यायला. आम्ही त्यालाही एकदा विचारले, "तुझी पाठ कोण चोळतो रे?" तो लाजून हसला.

अण्णा २०२१ साली गेले. झोपेतच गेले. त्या सकाळी त्यांना शेवटची आंघोळ घातली तेव्हा भावकीतली वडीलधारी मंडळी सांगत होती, असे करा, तसे करा. आम्हाला सांगावे लागले नाही. त्यांच्या अंगावरची प्रत्येक खूण आमच्या हाताला ठाऊक होती. डोक्यावर पाणी घालताना डावा हात आपोआप कपाळावर गेला.

वाचक बंधू-भगिनींनो, इस्तंबूल सर्वांना जमेल असे नाही, आणि जाण्याची गरजही नाही. मोरी प्रत्येकाच्या घरात आहे. बादलीभर गरम पाणी आहे, दहा रुपयांचा काथ्या आहे. घरात म्हातारे माणूस असेल तर येत्या रविवारी पगारी माणसाला सुट्टी द्या आणि बाह्या वर करा. लाज वाटेल. पहिल्या तांब्यापर्यंतच वाटते. ज्या समाजाला शतकानुशतके कोणी हात लावला नाही, त्या समाजातल्या कोणाही माणसाची पाठ आपल्या हाताविना राहू नये, एवढेच आमचे सांगणे.

जयभीम.